पाचव्या ओट्यावरची पावलं

नवीन ओटा तयार झाला की पुंजाजी त्यावर उताणे झोपायचे. डोकं मागच्या कडेला, पाय खेळाच्या दिशेनं, हात पोटावर. डोळे मिटून दोन-तीन मिनिटं तसेच पडून राहायचे आणि मग उठून निकाल सांगायचे. "बराबर हाये." किंवा मग, "डोक्यात रगत येऊन राहिलं. उलटा बसला." उलटा बसला म्हणजे उतार मागच्या बाजूला गेला, पाणी तिथं साचणार. मग वरचा थर काढून पुन्हा भरायचा.

अमरावतीत गोल्फ खेळतात हे अमरावतीतल्याच पुष्कळ लोकांना माहीत नाही. गावाबाहेर, टेकड्यांच्या पायथ्याशी, आमच्या क्लबचं नऊ होलांचं जुनं मैदान आहे. डॉक्टर, वकील, कापसाचे जिनिंगवाले आणि बदलीवर आलेले अधिकारी तिथं खेळतात. मी तिथला व्यवस्थापक. मला स्वतःला गोल्फ येत नाही. प्रत्येक होलच्या सुरुवातीला एक सपाट, जरासा उंच चौथरा असतो. चेंडू तिथं ठेवून पहिला फटका मारायचा. मेंबर लोक त्याला 'टी' म्हणतात, आमच्या माळ्यांच्या तोंडी तो 'ओटा'. पुंजाजी बावीस वर्षं या नऊ ओट्यांचे माळी होते. मैदानावर आणखी चार माळी होते, आणि त्या चौघांना हातात खुरपी कशी धरायची इथपासून सगळं पुंजाजींनी शिकवलेलं होतं.

आमच्याकडची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते. तिच्यावर केलेली कुठलीही सपाटी दोन-तीन वर्षांपलीकडे टिकत नाही. म्हणून दर वर्षी एक-दोन ओटे उघडावे लागतात. वरची हरळी चौकोनी वड्यांसारखी काढून ओल्या पोत्याखाली ठेवायची, गुडघ्याच्या वर खोल काळी माती उपसायची, खाली दगड, त्यावर मुरूम, मुरूम धुम्मसानं ठोकायचा, वर चाळलेली माती आणि रेती, आणि मग हरळी परत. सपाटी बघायला पुंजाजींकडे गवंड्यांसारखी पाण्याची पारदर्शक नळी होती. पण नळीचं माप झालं तरी शेवटचा शब्द त्यांच्या पाठीचा.

एकदा क्लबचे अध्यक्ष सकाळी फिरत फिरत सातव्या होलवर आले, तर नव्या ओट्यावर माळी डोळे मिटून पडलेला. अध्यक्ष मला म्हणाले, "काय हो, हा प्यायला आहे का?" मी काही बोलायच्या आत पुंजाजी डोळे न उघडता म्हणाले, "नाही साहेब, मोजून राहिलो. जरा आवाज नका करू."

अध्यक्षांनी आवाज केला नाही. हसलेही नाहीत. जिनिंग सांभाळलेला माणूस, त्यांना कामाची ही तऱ्हा कळली असावी.

ओट्यावर फटका मारला की गवताचा एक तुकडा उडतो. खाली उघडी माती दिसते. त्या जागेला पुंजाजी 'खपली' म्हणायचे. रोज दुपारी ते रेतीची बादली घेऊन नऊही ओट्यांवर खपल्या भरत फिरायचे. खपल्या एकाच जागी पडू नयेत म्हणून चेंडू कुठून मारायचा ते दाखवणारे दोन लाकडी गोळे रोज सरकवायचे असतात. आज डावीकडे, उद्या मागे. मेंबरांना हे आवडायचं नाही. पहिला फटका चांगला बसला ती जागा सोडायला कुणीच तयार नसतो.

चौथ्या होलवर समोर नाला आहे. एक मोठे अधिकारी बदलून आले होते आणि त्यांचा चेंडू नेमानं नाल्यात जात होता. एका रविवारी त्यांनी पुंजाजींना सांगितलं, "गोळे पुढं घ्या. अगदी पुढं."

"घेतो ना साहेब," पुंजाजी म्हणाले आणि गोळे ओट्याच्या पार पुढच्या कडेला नेऊन ठेवले.

अधिकाऱ्यांनी मारला. चेंडू नाल्यात.

"आणखी पुढं घेता येतील का?"

"येते ना. पण मंग नाल्यात उतरूनच मारा साहेब, थोच जवळ पडन."

मग ते अधिकारीच मोठ्यानं हसले, म्हणून आम्ही हसलो. पुंजाजी हसले नाहीत. ते गोळ्यांच्या जुन्या जागेवरची खपली भरायला वाकले होते.

डॉक्टर मंडळी ओट्यावर उभी राहून चेंडूशिवाय नुसताच सराव करायची. प्रत्येक सरावाला एक खपली. पुंजाजी जवळ जाऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "डॉक्टरसाहेब, तुमी पेशंटले कापाच्या आंधी त्याच्यावर तालीम करता काय?" बोलताना आवाज अजिबात चढायचा नाही. त्यामुळे उत्तर देणं फार अवघड जायचं.

आता मला जे सांगायचं आहे त्याच्याकडे येतो.

शेडमध्ये फवारणीचे दोन पंप होते. एक साधा, त्यानं गवताला युरियाचं पाणी किंवा औषध द्यायचं. दुसरा तणनाशकाचा. कुंपणालगतचं रान मारायला तो वापरायचे. त्याला पुंजाजी 'जहराचा पंप' म्हणायचे आणि त्याच्या दांड्याला लाल फडकं बांधून ठेवायचे. हा नियम इतका कडक होता की एकदा देविदासनं, त्या चार माळ्यांतल्या सगळ्यात जुन्यानं, तो पंप नुसता दुसऱ्या पंपाला चिकटवून ठेवला तर पुंजाजींनी त्याला दोन दिवस फवारणीला हात लावू दिला नाही. "धुतला तरी थो धुतला नाही असंच समजाचं," ते म्हणायचे. "कापूस एका फवाऱ्यात जळते याच्यानं. पाह्यलं ना गावात? मंग."

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. बाहेरगावचे खेळाडू येणार होते, मोठी स्पर्धा होती, बारा दिवस उरले होते. पाचवा ओटा नुकताच उघडून नवीन केलेला. हरळीनं मूळ धरलं होतं, पण रंग फिका होता. पुंजाजी म्हणाले, "रंग येते आपसूक. घाई नका करू साहेब." आणि ते दर्यापूरला पुतण्याच्या लग्नाला दोन दिवसांच्या सुट्टीवर गेले.

त्याच दुपारी अध्यक्षांचा फोन आला. पाचवा ओटा पिवळट दिसतो, पाहुणे काय म्हणतील. मी शेडमध्ये गेलो. माळी जेवायला गेले होते. युरिया होता. साध्या पंपाचा वायसर गेला होता, दाब धरत नव्हता. दुसरा पंप कोपऱ्यात उभा होता, त्याच्या तळाशी थोडं पाणी दिसत होतं. मला वाटलं विसळल्यावर राहिलेलं असेल. त्यातच युरिया कालवला, वर पाणी भरलं, आणि पाचव्या ओट्यावर स्वतः फवारलं. मला वाटलं होतं, पुंजाजी परत येतील तेव्हा ओटा हिरवागार असेल आणि मी सहज म्हणेन, बघा.

लाल फडकं मी पाहिलं होतं. ते नजरेतून सुटलं, असं मी पुढं स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं. पण पंप पाठीवर घेताना ते माझ्या हाताला लागलं होतं. मी ते बाजूला सारलं.

फवारणी झाल्यावर ओल्या गवतातून चालत मी रस्त्यावर आलो. पायात ऑफिसचे बूट होते.

तणनाशक लगेच काही दाखवत नाही. तिसऱ्या दिवशी पुंजाजी कामावर आले, ओटा बघितला, काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. मला वाटत होतं, सगळं नीट आहे. सातव्या दिवशी कडा पिवळ्या पडल्या. आठव्या दिवशी सकाळी मला देविदास बोलवायला आला. "साहेब, पाचवा जळला."

मी गेलो तेव्हा पुंजाजी ओट्यापासून रस्त्याकडे जाणाऱ्या गवतात उकिडवे बसले होते. ओटा संपूर्ण वाळल्यासारखा झाला होता. आणि ओट्यापासून रस्त्यापर्यंत, हिरव्या गवतात, एकामागून एक पिवळी पावलं उमटली होती. टाच, चवडा, मधला खळगा, सगळं स्पष्ट. बुटांची. आमचे माळी अनवाणी काम करतात, फार तर चपला.

पुंजाजींनी एका पावलाशेजारी स्वतःचं पाऊल ठेवून बघितलं. मग माझ्या बुटांकडे बघितलं. माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. मागून येत असलेल्या देविदासला लांबूनच म्हणाले, "तू पाण्याच्या पायपाकडे जाय. पहिल्या ओट्यावर पाणी चालू हाये." देविदास गेल्यावर ते शेडमधून खुरपी घेऊन आले. वाफ्यातून ताज्या हरळीच्या वड्या आणल्या. आणि एकेक पाऊल कापून काढलं, त्या जागी नवी वडी बसवली, वरून तळहातानं दाबली. मी उभा होतो. एक तास तरी लागला असेल. दहा वाजता अध्यक्ष आणि कमिटीचे दोघं आले तेव्हा पावलं कुठंच नव्हती. फक्त जळलेला ओटा होता.

अध्यक्षांनी विचारलं, "फवारणी कुणी केली होती?"

पुंजाजींनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. ते नुसती वाट बघत होते, कुणी बोलायच्या बेतात असलं की आपण थांबतो तसे.

मी म्हणालो, "फवारणीचं काम पुंजाजींकडेच असतं."

हे वाक्य खरं होतं. पुढं तीन वर्षं मी त्याच्याच आधारानं काढली.

पुंजाजींनी मान डोलावली. "पंप माह्या ताब्यात होते," ते म्हणाले.

स्पर्धेच्या वेळी पाचव्या होलवर ओट्याच्या शेजारी चटई टाकून खेळवलं. पाहुण्यांनी तक्रारसुद्धा केली नाही. पुंजाजींना मात्र ओटा जळला त्याच दिवशी, उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं होतं. सांगायचं काम माझंच होतं. मी ऑफिसात बसून सांगितलं. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आठव्याच्या उजव्या कडेले मुरूम बसला नाही. पावसाच्या आंधी पाहून घ्याल." झालं.

माळ्यांनी त्यांची बाजू घेतली नाही. घेणार कशी? ज्यानं फडकं बांधायला शिकवलं त्यानंच जाळलं, हे त्यांच्या लेखी चुकीपेक्षा वाईट होतं. देविदास एकदा मला म्हणाला, "साहेब, बुढ्यानं आमाले उगाच धाक देल्ला म्हना." मी त्यावरही गप्प बसलो. पावलं त्यानंही पाहिली असतील असं मला काही दिवस वाटायचं. पण तो पहाटेच्या अंधुक उजेडात आला होता, ओटा जळलेला बघून तसाच माझ्याकडे पळाला होता.

अडीच वर्षांनी अकोल्याला एका लग्नाला गेलो. शहराबाहेरचं मंगल कार्यालय, बाहेर मोठं लॉन. दुपारची पंगत सुरू होती. लॉनच्या कडेला एक माणूस मांडववाल्यांना बजावत होता, "अरे खुट्टे असे ठोकत असतेत काय बाप्पा? तिरपे ठोक, उपटून येतीन तं ढेकूळ घेऊन नाही येनार." मी आवाजावरून ओळखलं. पुंजाजी मुलीकडे राहायला आले होते, आणि या लॉनची देखभाल करत होते.

मी जेवण सोडून गेलो. त्यांनी नमस्कार केला, घरच्यांची चौकशी केली. मी काही तयारी न करता बोललो. "पुंजाजी, पाचवा ओटा मी जाळला होता. जहराचा पंप मीच घेतला होता."

"माहीत हाये मले."

"तुम्ही पावलं काढून टाकलीत. का?"

त्यांनी जरा वेळ मांडववाल्यांकडे बघितलं. "पावलं दिसले असते तं साहेबायनं तुमाले पकडलं असतं. मंग तुमाले सांगाचं काही राह्यलंच नसतं. मले वाटलं, तुमी आपल्या तोंडानं सांगसान."

मी म्हणालो, "मी चुकलो. मला माफ करा."

"मले काहून सांगता साहेब? मी तं त्या दिवशीच पाह्यलं. ज्यायले माहीत नाही, त्यायले सांगा."

"सांगतो," मी म्हणालो.

"कवा?"

आतून कुणीतरी जेवायला हाक मारली. मी गेलो.

त्यानंतर सहा महिने लागले. मी कमिटीला पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, फडक्यासकट. मासिक सभेत अध्यक्षांनी ते वाचलं. मग एक वकील म्हणाले, "आता जुनं झालं हो." अध्यक्षांनी मला नंतर बाजूला घेऊन सांगितलं, "वाईट केलंत. पण सांगितलंत ते बरं." माझी नोकरी राहिली. माझं मन हलकं झालं, हे कबूल करायला मला लाज वाटते.

पुढच्या रविवारी मी बसनं अकोल्याला गेलो. पुंजाजी लॉनवर गुडघे टेकून मांडवाच्या खुट्ट्यांची भोकं रेतीनं भरत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पत्र, सभा, कोण काय म्हणालं. त्यांनी ऐकून घेतलं. हात थांबले नव्हते.

"माळी होते काय थेथं?" त्यांनी विचारलं.

"माळी? नाही, कमिटीची सभा होती."

"मंग तुमी सांगतलं कोनाले?"

त्यांनी रेतीची मूठ भोकात दाबली.

"त्या साहेब लोकायले तं माह्यं नावबी याद नसन. जे चार पोट्टे म्या शिकवले, थे काय म्हनतेत मले? म्हाताऱ्यानंच जाळलं. देविदासच्या लेकीचं लगन झालं दर्यापूरले, पत्रिकाबी नाही आली मले."

हे मला माहीत नव्हतं. मला ते सुचलंही नव्हतं. कमिटीपुढं उभं राहणं मला अवघड वाटलं होतं. पण ज्या माणसांना मी रोज सकाळी काम वाटून देतो, उशीर झाला की बोलतो, त्यांच्यापुढं उभं राहायचं, हा विचार मी एकदाही केला नव्हता. आणि आता केला तर मी परतीच्या बसची वेळ बघू लागलो.

त्यांनी ते ओळखलं असावं. रेतीची बादली पुढं सरकवत म्हणाले, "एकट्यानं जमत नसन तं मी येतो संग. तिकीट तुमी काढाचं."

मला वाटलं थट्टा करताहेत. पण ते बुधवारी खरंच आले. सकाळच्या एसटीनं, धुतलेला सदरा घालून. मी स्टँडवर त्यांना घ्यायला गेलो होतो. मैदानापर्यंत ते स्कूटरवर मागे बसून होते आणि वाटेत फक्त एवढंच म्हणाले, "बसचे गिअर बदलले काय या लोकायनं? फारच धक्के मारते."

शेडमध्ये चौघं माळी होते. पुंजाजी आत आले नाहीत, दाराबाहेर उभे राहिले. मी मध्ये उभा राहून सांगितलं. पंप, फडकं, बूट, पावलं, आणि अध्यक्षांपुढं बोललेलं ते वाक्य. एक जण खाली बघत होता. देविदास सरळ माझ्याकडे बघत होता.

"हे तुमी आता सांगून राहिले?" तो म्हणाला.

"हो."

"तीन वर्सांनं?"

"हो."

तो आणखी काही बोलेल असं मला वाटलं. पण तो माझ्या शेजारून निघून बाहेर गेला, पुंजाजींच्या पायाला हात लावला. पुंजाजींनी त्याच्या पाठीवर एक चापट मारली, चांगली जोरात. "पत्रिका कोठी हाये बे माह्यी?" ते म्हणाले. देविदास रडायला लागला, आणि बाकीचे तिघं बाहेर गेले.

शेडच्या बाजूला निंबाखाली त्यांनी स्टोव्ह पेटवला. पुंजाजींना मधल्या दगडावर बसवलं. एक जण कुठल्यातरी ओट्यावरची गवताची वडी घेऊन आला आणि मुळांना काय झालंय ते त्यांना दाखवू लागला. पुंजाजींनी ती उलटी केली, नखानं माती खरवडली, हुंगली. पाचही जण तिच्यावर वाकले होते. मी शेडच्या दारात उभा होतो. कपबशा पाचच काढल्या होत्या. मला कुणी बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तर मला तिथं बसता आलं नसतं. पुंजाजींची पाठ माझ्याकडे होती. ते काहीतरी म्हणाले आणि चौघंही हसले, मला ते ऐकू आलं नाही. मी ऑफिसात गेलो.